रीमाला सांगितलेलं

ऑनलाइन दुकानाच्या कशेळीतल्या गोदामात वरच्या मजल्यावर मेघाली दिवसभर ‘रीमा’ असे. टेबलावर फोन नव्हताच. कानाला हेडफोन, समोर कॉम्प्युटर, आणि कॉल जायचे इंटरनेटवरून. नाव ऑफिसने दिलेलं, हिंदीही ऑफिसचीच, पाकात घोळलेली. पार्सल का परत केलं हे शंभर माणसांना विचारून ती कामतघरच्या खोलीवर परते, तोवर नवरा मनोज कापडाच्या लूमवर ड्युटीला गेलेला असे. मग बोलायला भिंती होत्याच.

लग्नाला वर्ष झालं होतं. लेकीला माहेरी न्यायला मुराळी यावा लागतो. भाऊ नाही म्हटल्यावर तो मान बापाचा. दर रविवारी तिचा बाप नवशा गावाकडून फोनवर “येतो की” म्हणे, आणि येत काही नसे. बोलावल्याशिवाय ती कशी जाईल? मेघालीही त्याचीच लेक, ताठ कण्याची. तरी दिवाळी तोंडावर आली तशा तिने त्याला जाड तळव्याच्या चपला पाठवल्या. त्या पाहून तरी निघेल!

मंगळवारी परत आलेल्या पार्सलांच्या यादीत नवशाचं नाव दिसलं. तिला फार लागलं. कॉल शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे सरकवता आला असता, पण तिने स्वतःच लावला.

“नमस्ते सर, मैं रीमा. पार्सल क्यों लौटाया आपने?”

बापाने आवाज ओळखला नाही. तिला हायसं वाटलं, आणि वाईटही.

“चपला हायेत त्यात, म्याडम. मला काय करायच्या?”

“साइज़ गलत है?”

“न्हाय वो. आखाडात बांधावर पडलो, कंबर गेली. खाटंवरनं उठवत न्हाय. शेजारची आनंदीबाई भाकर देते म्हून जगलोय. पोरीनं धाडल्या. तिला ठावं न्हाय. तुमी कळवू नगा, घोर लावून घेल.”

कॉल रेकॉर्ड होत होता. “ठीक है सर,” रीमा म्हणाली.

मेघाली जिन्यात आली आणि स्वतःच्या मोबाइलवरून तिने बापाला फोन लावला.

“बाबा, कसा हायस?”

“झ्याक! मला काय धाड भरलीय?”

“मग उद्या मीच येऊ का?”

“छ्या! मुराळ्याबिगर लेक दारात आली तर लोक काय म्हनतील? ह्यो भात कापला की निघालोच बघ.”

डोळे भरून आले होते, पण आवाज जराही कापला नाही. ऑफिसने तेवढं शिकवलं होतं.

“बरं बाबा,” मेघाली म्हणाली. “वाट बघते.”