यागोदाच्या कार्डावर

जळती मेणबत्ती हातात धरून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं आत्ताच उठावं. कॉफी तेवढी संपवून जा.

देसांकानं सुनेच्या कोटाच्या खिशातून कारखान्याचं कार्ड काढलं आणि आपल्या गळ्यात अडकवलं.

"आई, काय करताय?" यागोदाचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"कामावर चाललेय."

"कुणाच्या?"

"तुझ्या."

डिसेंबरची एकोणीस तारीख होती, पहाटेचे पाच. संत निकोलाचा दिवस, म्हणजे त्यांच्या घराचा स्लावा. घराण्याच्या संताच्या या दिवशी बोलावणं कुणालाच जात नाही आणि येतात सगळे. मेणबत्ती दिवसभर तेवते, आणि घरची बाई दिवसभर उभ्यानं वाढते, बसत नाही. त्या दिवशी दार बंद ठेवलं तर गावात तोंड दाखवायची सोय उरत नाही. त्यात यागोदाचा नवरा रादिशा स्लोव्हेनियातल्या बांधकामावरून या एका दिवसासाठी आला होता. संध्याकाळच्या बसनं परत जाणार होता.

सुट्टी तिनं महिनाभर आधी मागितली होती. पण मागायची कुणाकडं? कारखाना म्हणतो, तू एजन्सीची. एजन्सी म्हणते, फोनमध्ये बघ. फोन म्हणाला, त्या दिवसाच्या सुट्ट्या संपल्या. संपणारच. फोनला शंभरात पाचच माणसं सुट्टीवर चालतात, आणि आमच्या निम्म्या गावाचा संत निकोलाच. पाळी नाकारली तर गुण कापतात. तिचे बहात्तर उरले होते. सत्तरच्या खाली गेलं की पुढच्या महिन्याचा करार येत नाही. चार वर्षं झाली, करार महिन्यामहिन्याचाच. आठवडाभर ती फोन उलटा ठेवायची आणि दर पाच मिनिटांनी सरळ करून बघायची.

"ओळखतील ना तुम्हाला."

"कोण ओळखेल? तूच म्हणतेस तिथं विचारायला माणूस नाही. दार कार्डाला ओळखतं. टोपी, चष्मा, निळा डगला चढवला की मी काय नि तू काय."

"तुम्ही अडुसष्ट वर्षांच्या आहात."

"कार्डावर एकोणचाळीस लिहिलंय. मी कशाला छापील गोष्टीशी वाद घालू?"

गाड्यांच्या तारांचे जुडगे बांधायचं काम. यागोदा शिकत होती तेव्हा स्वयंपाकघरात फळी मांडून सराव करायची, आणि सासू शेजारी बसून तिच्या आधी शिकली होती. गिरणी बंद पडेपर्यंत सव्वीस वर्षं सूत हाताळलेली बोटं ती.

घरी पाहुणे यायला लागले. जो तो विचारी, "देसांका कुठंय?"

"आत झोपल्यात. बरं नाही."

मग सगळे कुजबुजत जेवले. मासा कुजबुजत वाखाणला, ब्रँडी कुजबुजत मागितली. फादर तिहोमिर मात्र ऐकेनात. खोलीच्या बंद दारापुढं उभे राहून त्यांनी पूर्ण प्रार्थना म्हटली, कडीवर तीर्थ शिंपडलं. आतून मांजर शिंकलं.

"छातीत उतरलंय," फादर हळूच म्हणाले. रादिशा तोंडावर रुमाल धरून अंगणात पळाला.

तिकडं देसांका टेबलाशी उभी होती. टेबलावर दिवा असतो. तासाला वीस जुडगे झाले तर हिरवा, नाहीतर लाल. पहिल्या तासाला तिचे चोवीस झाले. मग सव्वीस. शेजारच्या टेबलावरच्या वेरिंकानं तिला टोपीखालूनही ओळखलं.

"हळू, आजी," ती ओठ न हलवता म्हणाली. "दिव्याला सवय लावू नका."

"तुला जमत नाही म्हणून जळतेस होय?"

वेरिंकानं आपला पुढचा जुडगा ओढला. शेवटच्या तासाला देसांकाचे एकोणतीस झाले. इतकी वर्षं कुणी तिला काम सांगितलं नव्हतं, आणि दिवा सारखा हिरवा लागत होता.

तीन वाजता ती मागच्या खिडकीतून आपल्या खोलीत शिरली आणि केस सारखे करून दारातून बाहेर आली, गाल लाल, चालणं ताठ. पाहुण्यांनी छातीवर क्रूस काढले. फादरांनी नम्रपणे मान खाली घातली आणि आणखी एक पेला घेतला.

तेवढ्यात वेरिंका आली. स्लाव्याला आलेल्या माणसाला, का आलीस, असं विचारत नाहीत. यागोदानं तिच्यापुढं गोड गव्हाचं ताट धरलं. वेरिंकानं चमचाभर तोंडात टाकलं, क्रूस काढला आणि बसली. तोच दोन फोन एकदम वाजले, एक तिच्या मांडीवर, एक पिठाच्या डब्यामागं.

यागोदानं हात पुसून वाचलं. मग मोठ्यानं वाचलं.

"अभिनंदन, यागोदा. आज तुमच्या टेबलानं विक्रम केला. उद्यापासून तुमच्या ओळीचं नवं लक्ष्य, तासाला अठ्ठावीस."

वेरिंकानं आपला फोन उघडलाच नाही. "ओळीतल्या आम्हा बाराही जणींना हाच निरोप आलाय," ती म्हणाली. "मासा छान झालाय हं."

देसांकानं दोन्ही हात ॲप्रनखाली घेतले.

आणि यागोदा हसली. भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "आई, आता उद्यापासून तुम्हीच जा." मग वेरिंका हसली, रादिशा हसला, सगळं घर हसलं.

बरं. एक गोष्ट मी मनानं घातली. फादरांची नाही, मांजराची तर नाहीच नाही. यागोदा हसली नव्हती. तिनं फोन पुन्हा डब्यामागं ठेवला आणि वेरिंकाला मासा वाढला. रादिशाची बस गेली तरी ती रीतीप्रमाणं मेणबत्तीशेजारी उभीच होती. हात पाठीमागं होते, आणि बोटं ॲप्रनची नाडी बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती, प्रत्येक वेळी जरा जास्त भरभर.