उर्वशीला कोणी उचलायचं नाही

जगात लहान पोरं शिकवायच्या जेवढ्या पद्धती आहेत, त्या सगळ्या माझ्या सुनेला तोंडपाठ आहेत. मी आयुष्यभर झेडपीच्या शाळेत मास्तरकी केली, हेडमास्तर म्हणून रिटायर झालो आणि पुसदला घर बांधलं. मला एकच पद्धत माहीत होती. पोरगं रडलं की उचलायचं आणि मस्ती केली की कान धरायचा. माझा मुलगा रोशन आणि सून रुपाली जपानात, नागोयाला नोकरी करतात. यंदा रुपाली पाच वर्षांच्या उर्वशीला घेऊन सुट्टीवर आली आणि माझ्या ओसरीत रोज शिक्षण परिषद भरू लागली.

"बाबा, फिनलंडमध्ये सात वर्षांपर्यंत पोरांच्या हातात पाटी देत नाईत," ती सांगायची.

"मले बी मोठा होईपर्यंत देली नव्हती. घरात पाटीच नव्हती. पण आमाले पाहाले कोणी परदेशातून आलं नाई."

"जर्मनीत बालवाडी जंगलात भरते. दिवसभर पोरं झाडांत, चिखलात."

"त्याले आपल्याकडं बकऱ्या चारनं म्हणतेत."

माझी बायको प्रभावती या वादात पडत नसे. ती तेवढ्या वेळात उर्वशीच्या तोंडात दोन घास जास्त कोंबून घेई.

पण या सगळ्या गमतीखाली एक गोष्ट अडकलेली होती. पुढच्या महिन्यापासून रुपालीला सेकंड शिफ्ट लागणार होती. रोशन उशिरा घरी येतो. तेव्हा उर्वशीला दोन वर्षं आमच्याकडे ठेवावं, असं नवराबायकोचं चाललं होतं. हे कळल्यापासून मी जमिनीवर नव्हतो. शाळा पाहून ठेवली, छोटी सायकल पाहून ठेवली आणि ज्याला त्याला सांगत सुटलो की आमची नात आता इथंच राहणार. रुपाली मात्र अडून बसली.

"बाबा, तिथं ही आपले बूट आपणच घालत होती, ताट आपणच उचलत होती. इथं आली तशी पाय पुढं करून बसते. आई बूट घालतेत अन् तुमी लेस बांधता. तिथं सगळे स्वतःचं स्वतः करतेत."

ती हे बोलत असताना मी लेसच बांधत होतो, त्यामुळे वाद घालायला फारशी जागा नव्हती.

"तिथं येवढाली पोरं एकटी दुकानात जाऊन सामान आणतेत," ती म्हणाली. "उर्वशीनं देवरावभाऊच्या दुकानातून साखर आणून दाखवावी. एकटीनं. आणली तर ठेवते. नाई तर सोबत नेते."

एवढंच? देवरावचं दुकान आमच्याच गल्लीच्या टोकाला. मोठी गाडी गल्लीत शिरत नाही. मी मनातल्या मनात सायकलीचा रंगही ठरवून टाकला.

सकाळी उर्वशीच्या हातात पिशवी दिली आणि आम्ही तिघं गच्चीवरून पाहत उभे राहिलो. दुसऱ्याच घरापाशी लालीबाई बसली होती. ती मूळची बंजारा तांड्यावरची. पोराच्या नोकरीपायी पुसदला आली आणि गल्लीतलं प्रत्येक लेकरू तिने परस्पर दत्तक घेऊन टाकलं.

"एकटी कुठं चालली, याडी?" असं तिच्या बोलीत 'आई' म्हणत तिने उर्वशीला कडेवर घेतलं. आत नेऊन गुलगुले चारले. तिथून पोरगी कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारी पास झाली. शेजारणीने वेणी घालून पुढे दिली. कोणी मोटरसायकलीवर एक फेरी मारून आणली. शेवटी लालीबाईचा नवरा पूनमसिंग, रिटायर कंडक्टर, तिला खांद्यावर बसवून आमच्या दारात घेऊन आला. तिच्या बुटांना धूळही लागलेली नव्हती. एका हातात पेरू होता आणि दुसऱ्या हातात कोंबडीचं जिवंत पिल्लू.

"साखर?" रुपालीने विचारलं.

"ते राह्यलं," उर्वशी म्हणाली.

रुपालीने आत जाऊन सुटकेस काढली.

मी हातापाया पडून आणखी एक संधी मागून घेतली. आणि संध्याकाळी चप्पल घालून गल्लीतल्या घराघरात फिरलो. शाळेत परीक्षेच्या आदल्या दिवशी लावायचो तोच आवाज लावला. उद्या उर्वशीला कोणी उचलायचं नाही.

"पडली तर?" लालीबाईने विचारलं.

"तरी नाई."

"रडली तर?"

"तरी नाई."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "गुरुजी, घरात काई भांडण झालं काय?"

देवरावला वेगळीच काळजी होती. त्याला म्हटलं, मागेल तेवढी साखर द्यायची, चॉकलेट द्यायचं नाही. "चॉकलेट बी नाई? मंग पोरगी दुकानात येईन कायले?" तो म्हणाला. जपानची पद्धत समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. पण माझ्या शब्दाला गल्लीत मान आहे. सगळ्यांनी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी गल्ली पाहतो तर काय! पोरीला मदत करायची नाही म्हटल्यावर लोकांनी गल्लीला मदत केली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडलोट झालेली, खड्ड्यांत मुरूम भरलेला, कुत्री बांधून ठेवलेली. वर प्रत्येकीने आपापल्या दारात सडा टाकलेला. आणि दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडून अख्खी गल्ली बसली होती. पूनमसिंगने दोन्ही हात खिशात कोंबले होते. लालीबाईचा स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून ती आपल्या हातांवरच बसली होती.

उर्वशी निघाली. कोणी हाक मारली नाही. कोणी हसलंही नाही. एवढी शिस्त माझ्या शाळेत झेंडावंदनालाही नव्हती. पोरगी चालली आणि लालीबाईच्या दारासमोर, त्या सड्याच्या चिखलात, घसरून आपटली.

गल्लीने श्वास रोखला. माझे पाय गच्चीच्या जिन्याकडे वळले होते. प्रभावतीने मागून सदरा धरला म्हणून थांबलो. रुपालीने कठडा घट्ट पकडला होता. उर्वशीने पडल्या पडल्या सवयीने दोन्ही हात वर केले आणि वाट पाहिली. कोणी आलं नाही. आणखी थोडी वाट पाहिली. मग ती आपली आपण उठली, फ्रॉकला हात पुसले आणि लालीबाईपुढे जाऊन उभी राहिली.

"आजी, तुया हाताले काय झालं?"

"दुखून राह्यले, बाई," लालीबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

उर्वशीने तिचे हात खालून ओढून काढले, दोन्ही हातांवर फुंकर मारली आणि ती पुढे निघून गेली. थोड्या वेळाने चिखलाने माखलेली आमची नात साखरेची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून परत आली. गल्लीत अशा टाळ्या पडल्या की बांधलेली कुत्री भुंकायला लागली. त्याच साखरेचा चहा करून प्रभावतीने सगळ्यांना पाजला. मी तर इतका फुगलो होतो की देवरावला मिठीच मारली.

लोक पांगल्यावर रुपाली म्हणाली, "ठीक आहे, बाबा. ठेवते." आणि घाईने तोंड वळवून कपबशा गोळा करू लागली.

तेवढ्यात उर्वशी आतून आली. तिने कपडे आपले आपण बदलले होते, फ्रॉक मागचा पुढे घातला होता आणि पाठीवर आपली बॅग अडकवली होती.

"मी मम्मीसंग जाते," ती म्हणाली.

मी तिच्यापुढे उकिडवा बसलो. "काहून? इथं तुयी आजी हाय, लालीबाई हाय, अख्खी गल्ली हाय."

"हो ना. तुमच्यापाशी सगळे हायेत." मी मठ्ठ विद्यार्थी असल्यासारखं तिने मला समजावून सांगितलं. "मम्मी कामावरून येते अन् दारातच बूट न काढता खाली बसते. किती वेळ बसते. तिथं मम्मीले कोणीच उचलत नाई."

रुपाली कपबशा हातात घेऊन तिथंच खाली बसली. प्रभावतीने त्या काढून घेतल्या आणि तिला जवळ ओढून घट्ट धरलं. महिनाभर आम्हाला साऱ्या जगाचं ज्ञान सांगणारी ही बाई सासूच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखी रडली. मलाही रडू येत होतं. नात जाणार म्हणून येत होतं, ते कशाला लपवू? पण उर्वशीला थांब म्हणायला माझी जीभ रेटेना.

मी गच्चीवर गेलो आणि रोशनला फोन लावला. तो ऑफिसात असेल, असू दे.

"बाबा, काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "साखर आणली काय तिनं?"

"आणली," मी म्हटलं. "अन् ती तुयाकडंच वापस येऊन राह्यली. आता तुया साहेबाले काय सांगाचं ते सांग. रुपाली कामावरून येईन तवा तू घरी राहजो."