आवडाबाईंचे शेवटचे शब्द

कोलशेतच्या आमच्या सोसायटीने कोविडवर अंक काढला. तीन कथा आल्या आणि तिन्हींत आवडाबाईच वारल्या. आमची बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे आणि त्या कोविडमध्ये खरोखर गेल्या. मंदाकिनीताईंच्या कथेत त्या मरताना संस्कृत श्लोक म्हणतात. सुश्रुतच्या कथेत व्यवस्थेचा निषेध करतात, तोही दीड पान, ऑक्सिजन संपलेला असताना. माझ्या कथेत त्या विचारतात, "गच्चीवर वाळत घातलेली सुकट काढली का?"

प्रकाशनाला त्यांचे यजमान काळुरामकाका आले. त्यांना तेव्हा वॉर्डात जाऊ दिलं नव्हतं.

"तुम्ही तिघांनी चौकशी केली असंल ना? मग सांगा, ती नक्की काय बोलली?"

मंदाकिनीताई चष्मा पुसायला लागल्या. सुश्रुतला अचानक फोन आला.

"काका, मी तर मनानेच लिहिलेलं," मी म्हणालो.

"पण हेच बोलली असंल. सुकट खरंच गच्चीवर होती. अरे, पण मी काय उत्तर दिलं ते नाय लिहिलंस?"

"काय दिलं असतंत?"

"काढली म्हणून लिही. मांजरीनं खाल्ली ते तिला नको कळायला."