पाटाआडचं दान

हेरंबनं आनंदाच्या भरात टेबलावर हात आपटला आणि पाट पडला. झालं एवढंच. पण पाटाआड पडलेलं दान उघडं झालं, आणि ते बघून शलाकाच्या हातातला फाफडा हातातच राहिला.

आता हा पाट टेबलावर काय करत होता, हे आधी सांगायला हवं. सुभानपुऱ्यात हेरंबच्या घरी ही चौकडी, म्हणजे शलाका, यशराज, हेरंब आणि त्याची बहीण अस्मिता, कॉलेजात असल्यापासून दर रविवारी एक खेळ खेळत असे. खेळाला ना पट, ना सोंगट्या. एकानं मास्तर व्हायचं आणि गोष्ट सांगायची: जंगल आहे, रात्र आहे, समोर दरोडेखोर उभे आहेत. बाकीच्यांनी एकेक माणूस घ्यायचा आणि तो काय करतो ते बोलायचं. वार लागला की चुकला, हे वीस बाजूंच्या फाशानं ठरायचं. आकडा जितका मोठा, तितका वार जबर. नियमांचं पुस्तक हेरंबच्या अमेरिकेतल्या चुलतभावानं आणलेलं होतं आणि त्याच्या झेरॉक्सवर सगळा कारभार चालायचा. शत्रूचे फासे मास्तर टाकायचा, ते कुणाला दिसू नयेत म्हणून समोर हेरंबच्या आईचा, नयनाकाकूंचा, जेवणाचा पाट उभा करायचा. मास्तर कायमचा यशराज. त्याच्यासारखी गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगताच यायची नाही.

शलाकाच्या माणसाचं नाव बिजली, घोडेस्वार. इतक्या वर्षांत बिजली एकदाही मेली नव्हती. हेरंबचा वैद्य मेला, दुसरा घेतला, तोही मेला. बिजली मात्र ठणठणीत. शलाकाला याचा भारी तोरा होता. मकरपुऱ्यातल्या कारखान्यात ती माल तपासायची. मापाचं गेज बसलं तर माल पास, नाही बसलं तर भंगारात, मग साहेबानं कितीही डोळे मिचकावले तरी. खेळातही ती नियमावर बोट ठेवून भांडायची. यशराज रंगाच्या कंपनीत सेल्समध्ये. समोरच्याला नाही म्हणायचं नाही, हा त्याचा धंदाच. "पुस्तकात सगळं लिहिता येतं का? मास्तरनं बघून घ्यायचं असतं," असं म्हणून तो हसायचा, आणि त्याच हसण्यावर शलाका भाळली होती.

लग्न पुढच्याच पंधरवड्यात होतं. म्हणून आज नयनाकाकूंनी दोघांचं केळवण केलं होतं. उंधियू, श्रीखंड, पुऱ्या. यशराजच्या आई राजेश्वरीबाईंनाही बोलावलं होतं, आणि काकू नको नको म्हणत असतानाही त्या स्वयंपाकघरात पुऱ्या लाटायला बसल्या होत्या. लग्नाला होकार देताना शलाकानं एकच अट घातली होती: नोकरी सोडणार नाही. यशराजचं घराणं सरदारी वळणाचं, सून कंपनीच्या बसनं शिफ्टला जाते हे राजेश्वरीबाईंना कितपत रुचेल, याची तिला धास्ती होती. पण यशराजनं तिला निर्धास्त केलं होतं. "बोललोय मी आईसाहेबांशी. त्यांची हरकत नाही. तू टेन्शन नको घेऊस."

तर, जेवणाआधीचा डाव रंगात आला होता. बिजली जखमी होती, समोर दरोडेखोरांचा सरदार. यशराजनं पाटाआड फासा टाकला, श्वास रोखला आणि ओरडला, "चुकला! तलवार डोक्यावरून गेली. वाचलीस!" हेरंबनं टेबलावर हात आपटला तो तेव्हाच.

पाट आडवा. फाशावर वीस.

वीस म्हणजे वर्मी घाव. जखमी माणूस जागीच खलास. यात मास्तरनं ठरवायचं असं काही उरतच नाही, पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं आहे.

"वीस आहे," अस्मिता हळूच म्हणाली, जणू कुणाला दिसतच नव्हतं.

यशराज कसनुसं हसला. "अगं, केळवण आहे तुझं! केळवणाला नवरीला मारू का?"

"बस ने यार, चालतंय," हेरंबनं घाईघाईनं पाट उचलला.

शलाकानं फाफडा खाली ठेवला. "हे पहिल्यांदाच केलंस?"

यशराज झेरॉक्सची पानं सारखी करायला लागला.

"आणि त्या डावातला, पादरा गावच्या वाटेवरचा पूल? मी एकटीनं अडवून धरला होता, तेव्हा?"

"तेव्हा... थोडंसं."

तो पूल! त्या पुलाची गोष्ट तिनं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रंगवून सांगितली होती. कशी डोकं लढवून वाचले, कसे फासे साथ देत गेले. इतकी वर्षं ती लढलीच नव्हती. तिला कडेवर घेऊन फिरवलं होतं.

"एक मिनिट," हेरंबला आता कुठं उजेड पडला. "मग माझे दोन वैद्य मेले ते?"

"ते नियमानं मेले," यशराज म्हणाला.

"शाब्बास!" म्हणून हेरंब मटकन खुर्चीत बसला. एरवी सगळे हसले असते.

"हे बघ," यशराज तिला समजवायला लागला, "मागं अस्मितानं गाणं म्हणून पहारेकऱ्याला झोपवलं, ते कुठल्या पुस्तकात होतं? मी ठरवलं. सगळ्यांना आवडलं ना? संध्याकाळ छान जावी, कुणाचं तोंड उतरू नये, हे मास्तरनंच बघायचं असतं."

"ते मला मान्य आहे. पुस्तक गप्प असेल तिथं तू ठरव. पण इथं फासा पडलाय, यश. तो तुला दिसतोय. आणि तू माझ्या डोळ्यांत बघून मला वेगळंच सांगतोस."

"तुझ्यासाठीच केलं ना!"

हाच आवाज, हाच लाघवी सूर तिनं आधी ऐकला होता. बोललोय मी आईसाहेबांशी. त्यांची हरकत नाही.

"माझ्या नोकरीबद्दल आईसाहेब काय म्हणाल्या?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"काय म्हणाल्या? त्यांचे शब्द सांग."

यशराजनं हेरंबकडं पाहिलं, अस्मिताकडं पाहिलं. "लग्न तर होऊ दे. मग हळूहळू सगळं जमेल. मी बघून घेतो ना."

शलाका उठली. "शलाका, थांब!" असं तो म्हणेपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचलीसुद्धा.

राजेश्वरीबाई पाय लांब करून पुऱ्या लाटत होत्या. नयनाकाकू तळत होत्या. "भूक लागली वाटतं सूनबाईंना," राजेश्वरीबाई हसून म्हणाल्या.

"आईसाहेब," शलाका म्हणाली, "माझी मकरपुऱ्याची बस पहाटेच येते. तुम्हाला त्याचा त्रास तर नाही ना होणार?"

"कसली बस?" त्यांनी लाटणं थांबवलं. "तू तर नोकरी सोडतेयस ना? यशा म्हणाला, तुझ्याच मनात आहे, घराकडं बघायचं. अगं, त्या भरवशावर तर मी गुडघ्याचं ऑपरेशन ठरवून बसलेय. डॉक्टरांना म्हटलं, आता काळजी नाही, घरात सून असणार."

शलाका ओट्याला टेकली. यशराजनं एकीला एक सांगितलं, दुसरीला दुसरं, आणि दोघींनाही खूश ठेवलं. सासू आडवी येईल म्हणून ती महिनोन्महिने धसका घेऊन होती, आणि ही बाई दुखरे गुडघे घेऊन तिची वाट बघत होती! तिला राग यायला हवा होता, पण नुसता धक्का बसला होता, रडूसुद्धा फुटेना.

"मी नोकरी सोडत नाहीये, आईसाहेब. कधीच तसं म्हटलं नव्हतं."

राजेश्वरीबाईंनी लाटणं बाजूला ठेवलं. कढईतली पुरी करपायला लागली तेव्हा नयनाकाकूंनी गॅस बंद केला. यशराज दारात येऊन उभा होता.

"यशा? मला काय सांगितलं होतंस तू?"

"आईसाहेब, तुम्हा दोघींनाही वाईट वाटायला नको म्हणून... मी काहीतरी मार्ग काढणारच होतो."

"कधी? मी ऑपरेशन करून खाटेवर पडल्यावर?"

यशराज चौकटीचा रंग नखानं खरवडत राहिला. शलाकाला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. हा माणूस वाईट नव्हता. म्हणूनच तर तिला जास्त भीती वाटली.

राजेश्वरीबाईंनी पदराला हात पुसले. "तू बाहेर जा, यशा."

"पण मी..."

"बाहेर जा म्हटलं ना."

तो गेला. नयनाकाकूही कणकेची परात उचलून मागच्या दारी गेल्या. राजेश्वरीबाईंनी पाय आखडून शेजारी जागा केली आणि शलाकाला बसायला सांगितलं.

"मला स्पष्ट बोललेलं बरं वाटतं. तुझं काय ते सांग. पण मी नाहीच म्हणेन कदाचित, आधीच सांगून ठेवते."

"म्हणा," शलाका खाली बसत म्हणाली. "पण थेट मला म्हणा."