इस्त्री केलेली हवा

साहेबांना आम्ही पाठीमागे 'इस्त्री' म्हणायचो. संगणकावर हवेचा प्रवाह काढायचा आणि पंखा कुठे बसवायचा ते कारखान्यांना सांगायचं, हा आमचा धंदा. साहेबांच्या चित्रात हवा कशी? घडी घातलेल्या चादरीसारखी. एक सुरकुती नाही.

या वेळी काम होतं कपाटं रंगवायच्या कारखान्याचं. तिथे फवारणीवर माझी ताई आठ वर्षं उभी आहे. साहेबांच्या चित्रात रंगाचे कण निमूटपणे कोपऱ्यातल्या पंख्यातून बाहेर जात होते. गुरुवारी तिथली भिंत फोडायची ठरली होती.

ते चित्र मला पटेना. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही, पण चहा ढवळलाय. चमचा काढला तरी चहा फिरत राहतो. म्हणून साहेबांच्या प्रोग्रॅमचीच परीक्षा घेतली. बंद खोली, घर्षण शून्य. हवा एकदा ढवळायची आणि सोडून द्यायची. घातली तेवढी ऊर्जा तशीच राहायला हवी. थोड्याच वेळात निम्मी गायब!

"साहेब, ही ऊर्जा गेली कुठे?"

"अरे बाबा, नाहीतर गणित फुटतं. आकडे आभाळाला भिडतात. म्हणून हवेत थोडा चिकटपणा घालायचा."

"थोडा? हवेचा मध केलाय तुम्ही."

"मग खोलीच्या आणखी बारीक चौकटी पाडून प्रोग्रॅम महिनाभर चालव. गुरुवारपर्यंत होतंय?"

महिना कशाला? एका दुपारीत झालं. एका चौकटीतून जेवढी ऊर्जा निघेल तेवढीच शेजारच्या चौकटीत जाईल, असं समीकरण मी मांडलं. मग गणित फुटत नाही, मध लागत नाही, आणि चौकटी मोठ्या ठेवल्या तरी भोवरे जिवंत राहतात. पंखा साहेबांच्या जागी ठेवला, तर असाच एक जिवंत भोवरा कोपऱ्यावर आपटून परत फिरत होता आणि थेट ताईच्या तोंडासमोर गरगरत होता. पंख्याची जागा बदलून मी पाचदा चालवलं. पाचव्यांदा भोवरा तिच्या तोंडासमोरून हटला.

साहेबांनी सगळं नीट बघितलं. म्हणाले, "छान. हे पहिल्या चित्रातले भोवरे तेवढे पुसून दे. भिंतीवर खूण झालीय, मालक उगाच घाबरतील."

शिसारी आली. अडाण्याला शिकवता येतं हो. याला कळलं होतं!

गुरुवारी मी पावडरचा डबा घेऊन कारखान्यात गेलो. फवारणी बंद करायला लावली, साहेबांच्या खडूच्या खुणेपाशी, भिंतीपासून हातभर सोडून, पंखा ठेवून चालू केला आणि मालकांसमोर डबा दाबला. पावडर ऐटीत पंख्याकडे निघाली, कोपऱ्यावर आपटली, वळली, आणि ताईच्या मास्कवर पांढरी मिशी उगवली.

"दार उघडं आहे," साहेब म्हणाले. "वाऱ्याचं चुकतंय."

ताईने मास्क काढला. रुमालात खाकरून थुंकली आणि रुमाल साहेबांसमोर धरला. थुंकी निळी होती.

"आठवडाभर निळी कपाटं केली. हेही दारामुळेच का हो साहेब?"

साहेबांनी नाक दाबलं. त्यांना घाण वाटली!

मालक भिंत फोडायला आलेल्या गवंड्याला "थांब" म्हणाले, एवढंच. ताईने हाताने खडूची खूण पुसली आणि तिथेच पडलेला खडू माझ्याकडे फेकला.

"दाखव, शहाण्या. कुठे?"

मी तिच्या समोरच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, फुली मारली. गवंड्याने छिन्नी लावली.

मागून साहेब हळूच म्हणाले, "अहवालावर सही माझीच राहील ना?"

ताई पुन्हा खाकरली.