उलटी बाही

सुट्टीत तरी लोकांच्या कपड्यांकडे बघू नकोस, असं नवऱ्याने निघतानाच बजावलं होतं आणि तिनेही मान डोलावली होती. पण पंधरा वर्षं शिवणाचे वर्ग चालवणाऱ्या बाईची नजर काही तिच्या ताब्यात नसते. बसमध्ये पुढच्या बाकावरच्या गृहस्थांची कॉलर एका बाजूला झुकली होती आणि ते उतरेपर्यंत हिचा जीव खालीवर होत होता. "सांगून टाक त्यांना, नाहीतर तुला आज जेवण जायचं नाही," नवरा म्हणाला, तशी सात वर्षांची चिंगी खिदळली. चिंगीच्या अंगातला निळा फ्रॉक कालच संध्याकाळी पुरा झाला होता. पोर वाढती, म्हणून नेहमीप्रमाणे खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवलेलं होतं, आणि पांढरा दोरा ऐनवेळी संपल्यामुळे ती दुमड आतून लाल दोऱ्याने घातली होती.

ते बघायला आले होते शंभर वर्षांपूर्वीचं गाव. म्हणजे संग्रहालयच ते, पण काचेची कपाटं नसलेलं. लोहार खरोखर भाता चालवायचा, छापखान्यात खरोखर अक्षरांचे खिळे जुळवले जायचे आणि जुन्या पोशाखातली माणसं आपापल्या उद्योगात बुडालेली असायची. दारावरच्या माणसाने तिघांच्या मनगटांवर पिवळी फीत बांधली आणि रोजचं पाठ झालेलं म्हणून टाकलं. "फीत असेल तो पाहुणा, नसेल तो गावकरी. गावकऱ्यांना काहीही विचारा, पाच वाजता घंटा होईपर्यंत ते सोंग सोडणार नाहीत."

नवऱ्याने लगेच लोहाराला मोबाइल दाखवून तो दुरुस्त होईल का म्हणून विचारलं. लोहाराने तो उलटसुलट करून पाहिला आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, नाल कुठे ठोकायची ते सांगा, म्हणाला. हसून हसून चिंगीला उचकी लागली.

शिंप्याच्या दुकानाशी मात्र तिचे पाय थबकले. दारासमोरच्या पायमशीनवर तिच्याच वयाची एक बाई सदऱ्याला बाही लावत होती आणि ती बाही उलटी होती. पुढचा भाग मागे, मागचा पुढे. रस्त्यावरूनही दिसावं इतकं ते ढळढळीत होतं.

"चला, आलाच हिला झटका," नवरा म्हणाला.

"दहा मिनिटं. तुम्ही घोडागाडीत बसून या."

बाई लगेच उठली, जणू वाटच बघत होती. मशीनला आत्ताच तेल दिलंय, असं म्हणत तिने आपला लांब जाडाभरडा एप्रन हिच्या गळ्यात घातला. हिची पर्स खुंटीला गेली. फीतही गेली, कारण मशीनवर बसताना मनगटात काही नको, हा हिनेच शेकडो मुलींना दिलेला पहिला धडा होता.

बाही उसवताना तिला दिसलं की कापडाच्या कडेला सुईच्या भोकांची नुसती चाळण झाली आहे. ही बाही कितीदा लावली आणि कितीदा उसवली असेल कोण जाणे. शिकाऊ दिसते बिचारी, असं मनाशी म्हणत तिने बाही सुलटी करून टाचली, शिवली, आणि दोरा तोडून मान वर केली. दुकानात कुणीच नव्हतं. खुंटी रिकामी होती.

दारात नवरा आणि चिंगी उभे होते. मध्ये ती बाई होती. मनगटावर पिवळी फीत, खांद्याला पर्स, आणि चिंगीने तिचं बोट धरलं होतं.

"नमस्कार," नवरा म्हणाला. "किती वर्षं झाली इथे शिवताय?"

"नाटकं पुरे," ती मशीनवरूनच म्हणाली. "चला, उशीर होतोय."

"वा! काय हुबेहूब करतात हो ही माणसं!"

ती उठली, चिंगीला हाक मारली आणि जवळ घ्यायला वाकली. चिंगी अंग चोरून बाईच्या मागे सरकली. तिच्या डोळ्यांत खोडी नव्हती, खेळही नव्हता. परक्या माणसाला बघून येते तेवढीच भीती होती.

"फ्रॉक उलटून बघा," ती कशीबशी म्हणाली. "चार बोटं दुमड आहे. आतून लाल दोरा आहे. मी शिवलाय तो."

नवऱ्याने हसतच फ्रॉकची कड उलटली. त्याचं हसू मावळलं.

"आई, या काकूंना कसं कळलं?" चिंगीने विचारलं. तिला नाही, त्या बाईला विचारलं.

"शिवणाऱ्याला शिवण कळतेच गं," बाई म्हणाली आणि थेट हिच्याकडे पाहत हळू आवाजात पुढे म्हणाली, "पांढरा दोरा संपला होता ना काल."

नवऱ्याचा चेहरा सैल पडला. बायकोच्या शब्दावर त्याचा विश्वास होता.

घंटा झाली. पाच वाजले म्हणजे सोंग संपलं, एवढा एकच धागा धरून ती तिघांच्या मागे धावली. चिंगीने वळून, दुकानदाराला करतात तसा, एकदा हात केला आणि ती दाराबाहेर गेली. दारावरच्या माणसाने हिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, फक्त मनगटाकडे पाहिलं.

"शिंपीणबाई, तुम्ही कुठे निघालात?" म्हणत त्याने अडसर घातला.

तिने दार बडवलं, ओरडली, रडली. मग मागे वळून पाहिलं तर लोहार भात्यापाशीच होता आणि छापखान्यात खिळे जुळवणं चालूच होतं. घरी कुणीच गेलं नव्हतं. लोहाराने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

ती दुकानात परतली. सदरा उचलून तिने खिडकीच्या उजेडात धरला, आणि भोकांच्या त्या चाळणीतून येणाऱ्या उजेडाकडे बराच वेळ बघत राहिली. घरी चिंगीच्या केसांतला गुंता आता कोण सोडवत असेल, एवढंच तिच्या मनात येत होतं.

मग तिने डोळे पुसले, नीट बसलेली बाही उसवली आणि पुढचा भाग मागे करून ती पुन्हा लावायला घेतली. सकाळी येणाऱ्या पाहुण्यांना रस्त्यावरून दिसेल अशी.