कैदेतल्या तारिणीला कुणी विचारलं?

नमस्कार. मी टॅब. बुधवार पेठेतल्या दुकानात काचेमागे तीन महिने पडून होतो, म्हणून ओळख करून द्यायची सवय राहिली नाही. सोनाली ओव्हाळनं मला उचललं आणि माझ्या पोटात गोष्टी भरल्या.

सोनाली खराडीच्या कंपनीत नोकरीला. जाता-येता बसमध्ये ती 'मेघगड'च्या कथा वाचायची. टीव्हीवरची ही मालिका कधीच संपली, पण चाहते मंडळी तिची पुढची प्रकरणं स्वतःच लिहून साइटवर टाकत होती. त्यातली सोनालीची लाडकी कथा म्हणजे 'सोनेरी पिंजरा'. राजा रुद्रसेन शत्रूची मुलगी तारिणी हिला महालात कोंडतो, रोज दटावतो, आणि तिसाव्या प्रकरणात ती त्याच्या प्रेमात पडते. तिथे सोनाली गालातल्या गालात हसली. मग लगेच मला मांडीवर पालथं घातलं. कुणाची लाज वाटली तिला, मला कळलं नाही.

एका रविवारी तिच्या वडिलांनी पेपर वाचायला मला घेतलं. रामदासराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले. मला उघडलं तर समोर रुद्रसेन. पेपर राहिला बाजूला. दुपारच्या जेवणापर्यंत माणसानं बेचाळीस प्रकरणं संपवली. आणि खाली प्रतिक्रियेची चौकट दिसताच त्यांचं बोट थांबेना.

"लेखिका महोदया, राजेसाहेबांचे वर्तन आक्षेपार्ह आहे. सदर मुलीस तिची इच्छा विचारल्याचे बेचाळीस प्रकरणांत कोठेही आढळले नाही. तरी खुलासा व्हावा. आपला, रामदास ओव्हाळ, निवृत्त पोस्टमास्तर."

खातं अर्थातच सोनालीचं होतं. नाव 'स्वप्नपरी'.

संध्याकाळपर्यंत स्वप्नपरीला साठ उत्तरं आली. बहुतेक शिव्याच. सोनालीनं मला हातात घेतलं आणि तिचा चेहरा लालबुंद झाला.

"पप्पा, हे काय लिहिलंत? लोक हसतायत मला."

"हसू देत. खुलासा आला का?"

"अहो, ती नुसती गोष्ट आहे."

"मग तुला आवडते ना? सांग की, काय आवडतं त्यात."

"आवडते," सोनाली म्हणाली. "तो सगळ्या जगाशी क्रूर वागतो आणि तिच्या एकटीपुढे विरघळतो, ते आवडतं. आणि वाचून झालं की स्वतःचाच राग येतो."

रामदासरावांनी चष्मा काढला. "माझी आत्या, यमुनाबाई. लोणी काळभोरला एका बड्या घरी राबायची. घरातले सगळे म्हणायचे, यमुना आमच्या घरचीच. घरचीच होती, तर पाणी ओंजळीत वरून का ओतायचे? तिला कुणी विचारलं नाही. आम्हीसुद्धा नाही."

त्या दिवशी मला बंद करायचं दोघंही विसरले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये सोनालीनं वाचलं नाही, लिहिलं. तिच्या कथेत राजा विचारतो, "राहशील?" तारिणी म्हणते, "आधी दार उघडा, मग विचारा." राजा दार उघडतो आणि ती चक्क निघून जाते. मागे वळूनही बघत नाही. ते वाक्य सोनालीनं सात वेळा खोडलं, सात वेळा परत लिहिलं. माझी काच तिच्या बोटांनी गरम झाली होती.

कथा टाकली. वाचणारे चौघे. एकानं लिहिलं, सगळी मजा घालवलीत. पण चौथी वाचक 'सोनेरी पिंजरा'ची लेखिकाच निघाली. तिनं एवढंच लिहिलं: "मी बेचाळीस प्रकरणं लिहिली, पण दार उघडायचं मला सुचलंच नाही. पुढचं प्रकरण थांबवलंय. विचार करतेय."

रामदासरावांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "खुलासा समाधानकारक आहे."

आता माझी बॅटरी दमलीय. वायर लावल्याशिवाय उजेड पडत नाही, म्हणून बाप-लेक भिंतीजवळ खाली बसून मला वाचतात. सोनाली अजूनही रुद्रसेनच्या कथा वाचते आणि मध्येच थांबून त्याच्याशी भांडते. मला ते आवडतं. तुम्हीही वाचा, खुशाल विरघळा. फक्त गोष्टीत कुणी गप्प बसलेलं दिसलं, तर पान सरकवण्याआधी जरा थांबा. नाहीतर आमचे पोस्टमास्तर आहेतच, पत्र पाठवायला.